बांध किती पाणी पितो? बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पाच्या नोंदी

20 जून 2022, सोमवार

नववीतल्या दोघी मधल्या सुट्टीत आल्या. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत भाग घ्यायचाय म्हणाल्या. माझा पहिला प्रश्न नेहमीचाच, प्रश्न काय आहे तुमचा? त्यांनी 'ज्वालामुखी', 'ठिबक सिंचन' अशी नावं सांगितली. मी म्हटलं, हे विषय झाले, प्रश्न सांगा.

विज्ञान प्रदर्शन आणि ही परिषद यांत मुलांची गल्लत होते, शिक्षकांचीही होते. प्रदर्शनात माहीत असलेलं तत्त्व नीट चालवून दाखवायचं असतं. परिषदेत आपल्या परिसरातला असा प्रश्न घ्यायचा की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि बाईंनाही येत नाही. 1993 पासून ही परिषद भरते आहे आणि तिची अट आजही तीच आहे, जवळचा प्रश्न, स्वतः केलेलं मोजमाप, आपल्या भाषेत मांडणी. यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा मुख्य विषय परिसंस्था आणि आरोग्य असा आहे. दोघींना 31 डिसेंबरच्या आत 14 पूर्ण होतात, म्हणजे मोठा गट.

शेवटी एकीने सांगितलं की तिचे आबा म्हणतात, "बांध पाणी पितो, रान पाणी सोडतं." गेल्या वर्षी तिच्या नानांनी, म्हणजे चुलत्यांनी, दोन बांध नांगरून रानात घेतले तेव्हा आबा हे बोलले होते. मी विचारलं, आबांचं खरं आहे का? ती म्हणाली, आबा खोटं कशाला बोलतील? दुसरी म्हणाली, पण किती पितो?

हा "किती" म्हणजे आमचा प्रकल्प. सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात बांध, नांगरलेलं वावर, ट्रॅक्टरची चाकोरी आणि शाळेचं मैदान या चार जागी पाणी मुरण्याचा वेग मोजायचा.

या नोंदींत मुलींची नावं लिहिणार नाही. जी पाणी ओतेल ती पाणीवाली, जी वेळ आणि पट्टी बघेल ती घड्याळवाली.

25 जून, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर नानांच्या रानात गेलो. पाऊस अजून लागलेला नाही. जमिनीला हाताचा पंजा उभा जाईल एवढ्या भेगा. तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी उघडा करून नेला होता. तो चार बोटं जमिनीत ठोकला, बादलीने 10 लिटर पाणी ओतलं.

3 मिनिटं 40 सेकंदांत डबा रिकामा.

घड्याळवालीने दोनदा घड्याळ बघितलं. डब्याचं तोंड चौकोनी, प्रत्येक बाजू 23.5 सेंटिमीटर, म्हणजे 10 लिटर पाण्याची उंची 18 सेंटिमीटर भरते. त्या हिशेबाने तासाला जवळजवळ 3 मीटर. काळी माती चिकण, तिच्यात पाणी इतक्या वेगाने मुरूच शकत नाही. डबा उचलला तर खाली मधोमध भेग. पाणी मातीत मुरलं नव्हतं, भेगेतून खाली पडलं होतं. शेजारी बांधावर दुसरा प्रयोग केला, तिथे पाणी हळू उतरलं. म्हणजे आबांच्या अगदी उलट.

दोघी हिरमुसल्या. पान 3 वर सगळं लिहायला लावलं.

2 जुलै, शनिवार

चौकोनी डब्याच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची गोल रिंग करून घेतली. व्यास 30 सेंटिमीटर, उंची 30, खालची कड घासून धारदार. वर आडवी फळी ठेवून हातोड्याने ठोकायची म्हणजे रिंग तिरकी जात नाही.

वर्गात क्षेत्रफळ काढलं, 707 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 707 मिलिलिटर पाणी गेलं की पातळी 1 सेंटिमीटर उतरली. वर्तुळाचं क्षेत्रफळ या मुलींनी आजवर कितीदा काढलं असेल. ते काढून त्याचं पुढे काही केलं ते आज पहिल्यांदा.

16 जुलै, शनिवार

चांगला पाऊस झालाय. भेगा मिटल्या. कारण मुलींनी विचारलं म्हणून इथे लिहिते. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी घेतलं की फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात जमीन फाटते आणि पावसाळ्यात तीच जमीन स्वतःचं तोंड शिवून घेते.

आज नवी अडचण. रिंगमधलं पाणी खाली जाण्याऐवजी आडवं पसरतंय. रिंगभोवतीची कोरडी माती तासाभरात हातभर ओली दिसायला लागली. अशाने वेग जास्त भरतो. शास्त्रज्ञ याला दुहेरी रिंग वापरतात, आत 30 सेंटिमीटरची, बाहेर 60 ची, दोन्हींत पाणी. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला आडवं जाऊ देत नाही. आमच्याकडे दुसऱ्या रिंगचे पैसे नाहीत.

पाणीवाली म्हणाली, "बाई, आळं करूया की." आंब्याच्या रोपाला करतात तसं मातीचं आळं तिने खोऱ्याने रिंगभोवती घातलं आणि त्यात पाणी सोडलं. दहा मिनिटांचं काम. मला हे सुचलं नव्हतं. तिच्या नावाने वहीत नोंदवलं.

23 जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी होणार.

प्रकल्प वही तपासायला मागितली. नवी कोरी वही आली. वेष्टन, समास, लाल शाईची शीर्षकं, एक खाडाखोड नाही. अक्षर मोत्यासारखं. पहिलं वाचन 16 जुलैचं. मी विचारलं, 25 जून कुठंय? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. घड्याळवाली हळूच म्हणाली, "ते चुकलं होतं ना बाई. पक्क्या वहीत कसं लिहायचं?"

पहिली वही मागवली. तिच्यातलं तिसरं पान फाडलेलं. ते कंपासपेटीत सापडलं, आठ घड्या घातलेलं, कर्कटकाच्या टोकाने भोक पडलेलं.

मी रागावले नाही, कारण हे आम्हीच शिकवलंय. कच्ची वही घरी, पक्की वही बाईंना. चुकलं की पान बदल, पुन्हा सुवाच्य लिही. प्रयोगवहीत तर निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि वाचन त्याला जुळवून लिहिलं जातं. लंबकाचा आवर्तकाल पन्नास वह्यांत सारखाच कसा येतो? या सवयीने संशोधन होत नाही. जे जुळत नाही तेच पहिल्यांदा फेकलं जातं, आणि कधीकधी सांगण्यासारखं तेवढंच असतं.

पान डिंकाने परत चिकटवलं. घड्यांच्या रेघा तशाच राहिल्या. नियम ठरवले. प्रकल्पाची वही एकच. ती रानात जाणार, तिच्यावर चिखल उडणार. पेनाने लिहायचं, पेन्सिल नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण आणि सही. पान फाडायचं नाही. मोत्याच्या अक्षराची वही कपाटात ठेवली, ती स्पर्धेला जाणार नाही.

गेल्या काही वर्षांत मार्गदर्शक म्हणून मी पाहिलेल्या कित्येक नोंदवह्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत लिहिलेल्या असतात. एकाच पेनाने, एकाच शाईने, तीन महिन्यांच्या तारखा. त्यांतल्या काही माझ्याच सहीच्या होत्या. यंदा ते नाही.

6 ऑगस्ट, शनिवार

पद्धत पक्की झाली. चार जागा, प्रत्येक जागी तीन ठिकाणं, ठिकाणांत किमान दहा पावलं अंतर. आदल्या संध्याकाळी आळं भरून माती भिजवून ठेवायची, म्हणजे सगळीकडे सुरुवात ओल्या मातीपासून. पहिला तासभर दर 5 मिनिटांनी, मग दर 15 मिनिटांनी वाचन. सलग तीन वाचनं सारखी आली की तो मुरण्याचा स्थिर वेग.

एका ठिकाणाला आळ्यासकट साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. 20 लिटरचे कॅन नानांच्या मोटारसायकलवरून येतात. नानांना हे सगळं पटलेलं नाही. आज म्हणाले, "बाई, बांध ठेवा म्हणणं सोपंय. बांधावरनं कुंदा आन् हरळी रानात येते, त्याचं काय?" त्यांचा मुद्दा खरा आहे. मी मुलींना तो अहवालात लिहायला सांगितला.

20 ऑगस्ट, शनिवार

वावरातलं वाचन अडलंय. ओल्या काळ्या मातीत पाणी इतकं हळू उतरतं की अर्ध्या तासात पट्टीवर 1 ते 2 मिलिमीटर फरक. तो बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. दोघींना कामं बदलून वाचायला लावलं. एकीला 1 दिसला, दुसरीला 2. एक उकिडवी बसून बघत होती, दुसरी उभी राहून वाकून. म्हणजे चूक शंभर टक्के!

घड्याळवालीच्या घरी दोन म्हशी आहेत, सकाळी डेअरीला दूध ती घालते. ती म्हणाली, पातळी कशाला मोजायची, किती पाणी परत घालावं लागतं ते मोजू. सायकलची एक स्पोक वाकवून रिंगच्या कडेला बांधली, टोक बरोबर पाण्याला टेकेल असं. टोक आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एकमेकांना चिकटलं की पातळी बरोबर. पाणी उतरलं की मोजपात्राने थोडं थोडं ओतायचं, टोक पुन्हा टेकेपर्यंत. 1 मिलिमीटरला 71 मिलिलिटर. जे पट्टीवर दिसत नव्हतं ते आता अर्धा पेलाभर पाणी झालं.

मी तिथेच बांधावर बसून राहिले. मोजण्याची रीत स्वतःच्या गरजेतून शोधणं मी पुस्तकात वाचलेलं होतं, समोर घडताना आज पाहिलं.

रिंगच्याच मापाचं बूड असलेली पातेली शेजारी उन्हात ठेवली. तासात 30 मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेलं. वावराच्या रिंगमध्ये तासाला 210 लागलं होतं. 30 वजा केल्यावर 180, म्हणजे त्या एका ठिकाणी तासाला अडीच मिलिमीटर. बाष्पीभवन मोजलं नसतं तर तिथला वेग 3 धरला असता.

3 सप्टेंबर, शनिवार

गणपतीची सुट्टी, पण दोघी आल्या. बांधाची तीन ठिकाणं पूर्ण. जुना बांध, दोन बाभळी, एक बोर, खाली हरळी. तासाला 31, 38 आणि 240 मिलिमीटर.

240!

पाणीवाली म्हणाली, हे काढून टाकूया का? मग स्वतःच थांबली आणि चिकटवलेल्या पानाकडे बघितलं. काढायचं नाही असं ठरलं, पण कारण शोधायचं. रिंग काढून खोऱ्याने हळूहळू उकरलं. एका बाजूला करंगळीएवढी नळी, आत काळा भुसा. बाभळीचं जुनं मूळ कुजून गेलेलं, त्याची जागा तशीच पोकळ. आजूबाजूला गांडुळांची बारीक भोकं.

यावर तासभर बोललो. ही चूक आहे का? रिंगच्या दृष्टीने आहे, कारण एका नळीने सगळा आकडा बदलला. बांधाच्या दृष्टीने नाही, कारण अशा नळ्या आहेत म्हणूनच बांध बांध आहे. नांगर वरचा थर दरवर्षी उलथतो, तिथे मूळ कुजून नळी उरतच नाही. सरासरी काढली तर 103 येते आणि ती तीनपैकी एकाही ठिकाणाचं खरं सांगत नाही. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो, घेतला, 38. 240 वेगळं लिहिलं, नळीच्या चित्रासह.

मग घड्याळवाली म्हणाली, "बाई, मग भेगेचं पण तसंच की."

पान 3. जूनमधला डबा. रिकामं रान कोरडं असताना भेगांतून घटाघटा पितं, आणि भिजलं की तोंड मिटतं. बांध कोरड्यात हळू होता, पण भिजल्यावरही पीत राहतो. आबांचं म्हणणं खरं, पण ते पावसाळ्यातलं खरं. जूनच्या पहिल्या वळवात रानच जास्त पितं. हे वाक्य आम्हाला फाडलेल्या पानाने दिलं. मात्र जूनचं वाचन एकच, तेही चौकोनी डब्याचं, म्हणून त्याला निष्कर्ष म्हणायचं नाही, पुढच्या उन्हाळ्याचा प्रश्न म्हणायचं.

24 सप्टेंबर, शनिवार

चारही जागा झाल्या. मध्यक, तासाला मिलिमीटरमध्ये: चाकोरी 1, वावर 3, शाळेचं मुरमाड मैदान 6, बांध 38.

मुलींनी गुंठ्यांत हिशेब केला. एक एकर म्हणजे 40 गुंठे. चारी बाजूंनी 3 फुटांचा बांध धरला तर त्यात साधारण सव्वादोन गुंठे जातात. सव्वादोन गुंठे बांध तासाला जेवढं पाणी घेऊ शकतो ते उरलेल्या पावणेअडतीस गुंठ्यांच्या पाऊण हिश्श्याइतकं येतं. नानांनी हा हिशेब स्वतः दोनदा करून बघितला, मोबाइलवर.

मी सावध केलं. रिंगमध्ये पाणी उभं असतं. खऱ्या पावसात थेंबांच्या माराने मातीचं तोंड बुजतं, उतारावर पाणी थांबत नाही, आणि बांधावर पाणी पोचलं तरच बांध पिणार. हे सगळं 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहिलं. आणखी एक मर्यादा, एकाच घराचं रान. गावात आणखी तीन रानं मोजायला हवी होती. वेळ पुरला नाही.

12 ऑक्टोबर, बुधवार

अहवाल मराठीत. हवी ती भारतीय भाषा चालते, ही या परिषदेची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 'वाफसा' (पेरणीजोगी ओल), 'चाकोरी', 'आळं' हे शब्द तसेच ठेवले. एका सहकाऱ्याने सुचवलं की इंग्रजी संज्ञा घातल्या तर वजन येईल. नको म्हटलं. वाफसा म्हणजे काय हे दोघींना हाताने माती दाबून सांगता येतं.

पाणीवालीचा पुण्यातला आतेभाऊ विचारत होता, हे अमेरिकेतल्या आयसेफसारखं, म्हणजे शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेसारखं आहे का? ती स्पर्धा 1950 पासूनची, जगभरातून मुलं येतात, काही प्रकल्प विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत केलेले असतात. आमच्याकडे रिंग, स्पोक आणि खोरं. पण वही तिथेही लागते. प्रकल्पाची मूळ वही टेबलावर ठेवतात आणि परीक्षक ती उघडतात. ते ऐकून घड्याळवालीने वहीवरचा वाळलेला चिखल पुसायला घेतला होता तो तसाच ठेवला.

नोव्हेंबर, जिल्हास्तर झाल्याच्या संध्याकाळी

चार पोस्टर, रिंग, स्पोक, वही. दोघी न अडखळता बोलल्या. आळं कसं घालायचं ते पाणीवालीने टेबलावर हातानेच दाखवलं.

एका परीक्षकांनी अहवाल बाजूला ठेवून वही उचलली. पानं उलटत तिसऱ्या पानावर आले. विचारलं, हे फाडलं कुणी? मला वाटलं संपलं. घड्याळवाली म्हणाली, "मी फाडलं सर. चुकलं असं वाटलं होतं. बाईंनी चिकटवायला लावलं. नंतर कळलं ते चुकलेलं नव्हतं." आणि तिने भेग, 3 मिनिटं 40 सेकंद, सप्टेंबरमधली नळी, सगळं ओळीने सांगितलं. त्यांच्या पुढच्या टेबलाची वेळ झाली तरी ते उभे होते.

दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, प्रयोगाच्या वेळी मातीत ओलावा किती होता? आदल्या दिवशी भिजवली होती, असं मुलींनी सांगितलं. किती, आकड्यात? आकडा नव्हता. "ओली" हा शब्द आम्ही चारही जागांना सारखाच वापरला होता आणि तो चारही जागी सारखा असेलच असं नाही. प्रश्न अगदी योग्य. हे मी मार्गदर्शक म्हणून जुलैतच सांगायला हवं होतं.

राज्यस्तरासाठी निवडलेल्यांत आमचा प्रकल्प नाही. परतताना एसटीत पाणीवाली रडली. मी समजावलं नाही, खिडकीजवळची जागा दिली. बार्शी नाक्याच्या अलीकडे तिने वही मागितली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: 'ओलावा कसा मोजायचा?'

26 नोव्हेंबर, शनिवार

ओलावा मोजायला सुरुवात. चारही जागांवरून रिंगच्या खोलीएवढी माती घेऊन लगेच वजन करायचं, पूर्ण वाळवून पुन्हा करायचं. फरक म्हणजे पाणी. प्रयोगशाळेत 105 अंशांच्या भट्टीत 24 तास वाळवतात. आमच्याकडे भट्टी नाही. ताटात पसरून उन्हात ठेवतोय, रोज दुपारी वजन, सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की वाळली असं धरायचं. आज ताटं शाळेच्या गच्चीवर लागली, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. एक चिठ्ठी वाऱ्याने उडाली. कोणत्या ताटाची ते नक्की सांगता येईना, म्हणून ते ताट बाद. वहीत कारणासकट नोंद आहे.

3 डिसेंबर, शनिवार

ज्वारी गुडघ्याच्या वर आली आहे. नाना शाळेत आले होते. पूर्वेकडचा बांध यंदा उन्हाळ्यात कोरायचा त्यांचा बेत होता. म्हणाले, कोरायच्या आधी रिंग लावून बघायचीय, तीन ठिकाणी, आणि पलीकडच्या भावकीच्या बांधालाही. मुली नसल्या तरी चालेल, स्पोकचं कसं बघायचं तेवढं दाखवा.

पाणीवालीने दाखवलं. शाळेच्या मोरीत रिंग उभी करून, तळाला प्लास्टिक लावून, पाणी भरलं. नाना गुडघे टेकून बसले, चष्मा काढला आणि स्पोकचं टोक पाण्याला कधी टेकतं ते बघत राहिले.

"उभं राहून बघायचं न्हाय नाना," ती म्हणाली, "चुकतंय."

रिंग, फळी आणि हातोडा आज त्यांच्याबरोबर गेला. वहीच्या पान 61 वर सोमवारची तारीख घालून ठेवली आहे.